‘सदोष’ ठरवलेली आमची नऊ पुस्तके रद्दीत न काढण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथ निवड अधिकारी,
नगर वाचनालय विभाग.

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : आपले पत्र क्र. ४१७.

महोदय,

१. आमच्या नऊ पुस्तकांत ‘प्रकाशकानेच मान्य केलेल्या चुका’ असल्याने ती येत्या सोमवारी रद्दीत काढणार, असे आपण कळवले आहे. निवड समितीला वाचायला दिलेल्या आमच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याचा दोरा काल मी पाहिला. तो सुटलेला नाही. गाठ माझ्या वहिनीची आहे, ती मी ओळखते. पुस्तकांच्या पाठीवर आम्ही ‘शुद्धिपत्रासह’ अशी पट्टी लावतो. गाठ न सोडता तेवढेच वाचता येते.

२. नगराच्या शताब्दी स्मरणिकेत मला सत्तावीस चुका सापडल्या होत्या. मी त्या कळवल्या. “स्मरणिका कौतुकासाठी असते, बाई,” असे उत्तर आले. वहिनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत असे. तिने त्या सत्तावीस दुरुस्त्या आठ पानांत छापल्या. आमचे प्रकाशन असे, दुसऱ्यांच्या चुकांवर, उभे राहिले. मग जुना पोस्टमन आपल्या नोंदींची वही घेऊन आला, सुईण आली, दिवेवाल्याची सून आली. वहिनीच्या बाहेरच्या खोलीतून चौदा वर्षांत नऊ पुस्तके निघाली.

३. मी प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काढली. चूक सापडली की ती नोंदवायची, एवढेच तिथे शिकले. म्हणून प्रत्येक पुस्तकानंतर वर्षभर आम्ही वाचकांच्या दुरुस्त्या घेतो, कागदाशी ताडून पाहतो आणि वाचनालयांत स्वतः जाऊन पुस्तकात शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवतो.

४. आपल्या लिपिकांनी सुचवले, “ताई, ती चिठ्ठी फाडून टाका ना, पुस्तक आपोआप निर्दोष होईल.” ते मनापासून मदत करत होते, हे अधिक गंभीर आहे. स्मरणिकेला चिठ्ठी नाही, म्हणून ती आपल्या निवडयादीत पहिली आहे.

५. त्या स्मरणिकेत काडेपेटी कारखान्याच्या आगीत ‘जीवितहानी नाही’ असे छापले आहे. आमच्या चौथ्या पुस्तकात अकरा बायका मेल्याचे आहे. तेही चुकले. पुस्तक निघाल्यावर एक बाई दारात उभी राहून म्हणाली, “माझी आई मोजलीच नाहीत तुम्ही.” तिच्याकडे कारखान्याचा हजेरीपट होता. पान ३४ची चिठ्ठी तिने स्वतः चिकटवली, प्रत्येक प्रतीत. आता आमच्या पुस्तकांची सगळी बांधणी तीच करते. बारावे नाव आज फक्त त्या चिठ्ठीवर आहे.

६. तरी पुस्तके रद्दीत काढू नयेत. चिठ्ठ्या फाडायच्याच असतील, तर बांधणीवालीला बोलवावे आणि पान ३४ची चिठ्ठी तिच्यासमोर फाडावी. ती सोमवारी दहा वाजता आपल्या दारात हजर असेल.

आपली, अद्याप नम्र,
(सही)
प्रकाशिका

सोबत :
१. हजेरीपटाची प्रत.
२. आपल्या पत्राचे शुद्धिपत्र (चुका चार). मागे गोंद लावलेला आहे.