खुनी, उंबरा आणि शेवंता

शुक्रवार, दिवेलागण

मालिकेतल्या इन्स्पेक्टरला अक्कल नाही. सहा भाग झाले, बूट घालून उंबऱ्यावर उभा राहतो आणि म्हणे खुनी सापडत नाही.

मी तिचे बांगडे शिळे म्हटल्यापासून मासेवाली शेवंता महिनाभर माझं दार टाळत होती. आज मीच हाक मारली. बांगडे घ्यायला दारातूनच हात पुढे केला, तर म्हणाली, "उंबऱ्यावरसून देव नये, बाई." नाइलाजाने आत आली. टीव्हीवर त्याच मालिकेत मयताचा पुतण्या 'या घरात पहिल्यांदाच येतोय' म्हणत शिरत होता.

"खोटा," शेवंता म्हणाली. "एवढो उंच उंबरो, खाली बघूक नाय, तरी पाय अडाकलो नाय. ह्येनाच मारल्यान."

शेवटी तोच निघाला. कॉन्व्हेंटात शिकूनही मला दिसलं नाही.

चहा दिला. बांगडे ताजे आहेत हेही सांगून टाकलं, ती उंबऱ्याच्या आत असतानाच.