फोटोतला आईचा हात

मस्तगड, जालना
मार्च २००८, शुक्रवार

आज जिवाला चैन न्हाई. आम्ही गोधड्या विकतो त्या वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमधून गोधड्यांच्या फोटोंची फाइल काढून, दुकानादुकानांचे भाव शेजारी लावून दाखवणाऱ्या एका साइटला पाठवली होती, ती सगळीच्या सगळी परत आली. का, तर फोटोत माणूस नको. आणि प्रत्येक फोटोत गोधडी धरलेला आईचा हात. फोटोसाठी तिनं मुद्दाम नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या.

दुपारी सगळे हात कापले, फाइल पुन्हा पाठवली. लगेच मंजूर. मंग मला आनंद का होईना?

चहा पिताना आईनं विचारलं, "आला का गं माझा हात कम्प्युटरवर?"

"आला," म्हणून गेले. बिलकुल विचार न करता.

तिनं लगेच भोकरदनला मावशीला फोन लावला. "उद्या बाजारात गेलीस की नेटवाल्याकडं जाऊन बघ. माझ्या बांगड्या दिसतेत."

आता मावशी खरंच गेली तर? बसवेना. शेवटी सांगून टाकलं, "आई, हात काढावा लागला."

आईनं चहाचा कप खाली ठेवला. मंग तिनं परत मावशीला फोन लावला.

"उद्या नको जाऊ गं. नेटवाल्याचं दुकान बंद हाय म्हणं."