फुंकर न मारलेला चहा

बाबा, तुमचा स्टीलचा ग्लास आज ऑफिसात बाहेर काढला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो माझ्या टेबलाच्या खणात असतो. कॉलेज संपवून मी गाड्यांच्या खेपांची आखणी शिकायला तुमच्या शेजारी बसले, त्या दिवशी तुम्ही तो मला दिलात. बाप मुलीला पेन देतो, घड्याळ देतो. तुम्ही चहाचा ग्लास दिलात. मला हसू आलं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्पातलं आपलं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतीपलीकडे ट्रान्सपोर्टचं ऑफिस. तिथे बसून कुठला ड्रायव्हर कुठली गाडी घेऊन कुठल्या रस्त्यानं जाणार हे तुम्ही ठरवायचात, आणि चहा आपल्या गॅसवरून जायचा, अगदी उकळता. लांबच्या खेपेला निघालेल्या माणसाला तुम्ही समोर बसवायचात, ग्लास पुढे सरकवायचात आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत नुसते बघत राहायचात. फुंकर मारून प्यायला तर मालाचे कागद त्याच्या हातात. तसाच ओठाला लावला तर त्या दिवशी घाट बंद, मागच्या खाटेवर जाऊन झोप. "हाताला घट्टे पडलेत यांच्या, यांना कसलं भाजतंय," असा वाद मी घातला होता. "ओठाला घट्टे पडत नाहीत," तुम्ही म्हणालात. एकदा दया येऊन मी एका ड्रायव्हरकाकांचा चहा वरखाली ओतून कोमट करून दिला, तर सगळ्यांदेखत केवढे ओरडलात! "गार चहा देऊन मारतेस काय त्याला?" मी आत जाऊन रडले. दर वेळी तुमचंच बरोबर असायचं असंही नाही. एकाची बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती, तो घाईघाईत घटाघट प्यायला. तुम्ही त्याला पेंगुळलेला समजून अडवलंत आणि त्यानं चिडून नोकरीच सोडली. हट्टी होतात तुम्ही.

आता मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर बसते. रस्ते कॉम्प्युटर सुचवतो, मी मंजूर करते. गाडी चालली की ड्रायव्हर कामावर, गाडी थांबली की ड्रायव्हर विश्रांतीवर, एवढंच त्याला कळतं. पुरेशी विश्रांती झाली की नाव हिरवं होतं आणि माणूस पुढच्या खेपेला मोकळा. सकाळी आमच्या जांभूळ गावच्या ड्रायव्हरदादांची गाडी टाइल्स घेऊन सोनिवलीला, एका नव्या इमारतीवर गेली. तिथे हमालच आले नव्हते. दादा एकटे खोकी उतरवत राहिले, गाडी उभी ती उभीच, आणि इथे माझ्या स्क्रीनवर त्यांची विश्रांती भरत गेली. परत आले तेव्हा त्यांचं नाव हिरवंगार होतं आणि त्यांना धड जिना चढवत नव्हता. पुढची खेप माळशेज घाटापलीकडची होती.

आमच्या मशीनचा चहा कागदी कपात येतो, कोमट. म्हणून खाली वॉचमनच्या शेगडीवर उकळून आणला आणि तुमच्या ग्लासात ओतला. दादांनी तो सबंध मुठीत धरला आणि मुलीच्या परीक्षेचं काहीतरी सांगता सांगता एका दमात रिकामा केला. फुंकर नाही की ओठ मागे घेणं नाही.

"दादा, आज राहू द्या. दुसऱ्याला बघते मी."

"काय नाय व्हत गो ताय. मना सवय हाय."

आमचे सिंधी शेठ शेजारीच उभे होते. त्यांना म्हटलं, हे थकलेत, उद्या सकाळी पाठवू. ते हसले. "बेटा, स्क्रीन हरा बता रहा है ना? अब चाय देखके गाडी रोकेगी क्या?" आणि खरंच, काय सांगणार होते मी? माझा बाप असं करायचा? मला स्वतःचीच लाज वाटली. मी मंजुरीचं बटण दाबलं.

आता बाहेर अंधारून येतंय. दादांचा ठिपका मुरबाड ओलांडून घाटात शिरला, अर्ध्यापर्यंत चढला आणि एका वळणावर थांबलाय. जिथे थांबलाय तिथे गाडी उभी करायला जागा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. फोन लागत नाही. घाटात मोबाइलला रेंज नसते, ठिपका तेवढा गाडीतल्या सॅटेलाइटच्या यंत्रावरून येतो, हेही मला माहीत आहे. मुरबाडला आमची दुसरी गाडी माल उतरवत होती, ती तशीच त्यांच्या मागे पाठवलीय. तिचा ठिपका हळूहळू वर चालला आहे. तोवर हातांना काहीतरी हवं म्हणून तुम्हाला लिहितेय. कुठे पाठवणार? घडी करून तुमच्या ग्लासात ठेवीन.

दादांच्या नावापुढे आत्ताच 'विश्रांती' असं आलंय. एक कबूल करते, बाबा. दुपारी ही स्क्रीन मला खोटारडी वाटत होती. आता मी तिच्यासमोर हात जोडून बसलेय, की तू म्हणतेस तेच खरं असू दे.