यंदा भिंती निळ्या

प्रिय जागृती,

फोनच केला असता. पण तू हॅलो बोललीस की माझं तोंड बंद होतं, नि मी चार्जिंग संपली सांगून ठेवून देतो. म्हणून लिहितो. माझी शाळा सातवीपर्यंतच, अक्षर लागलं नाय तर राजेशला वाचायला सांग. त्यानं वाचलं तर बरंच. इकडं सगळे बरे हायत. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकते कुठं.

तू राजेशशी लगीन करून खोपोलीला गेलीस, त्याला तीन गणपती झाले. या उंबऱ्यात तुझं पाऊल नाय. तुझं नाव निघालं की लोक चहाच्या कपात बघतात. ते आता बस झालं.

यंदा मी घर निळं केलं. आपल्याकडं गणपतीच्या आधी चुन्यात निळीची पुडी टाकून भिंतींना हात मारायचा, हे तुझ्या आजोबापासून. तू लहान असताना ती नीळ बोटानं चाटलीस नि निळे दात घेऊन शाळेत गेलीस. मास्तरांनी मला बोलावून झापला. तर तू गेलीस त्या साली गोमा, माझा थोरला चुलतभाऊ, अंगणात येऊन बोलला, नागू, पोरगी बौद्धवाडीत गेली, आता भिंतीपण त्यांच्याच रंगाच्या ठेवणार काय? तसं असंल तर भावकी आरतीला यायची नाय. मी उठलो, कर्जतवरून क्रीम कलरचा डबा आणला नि मारला. घर दवाखान्यासारखं दिसायला लागलं. दोन वर्षं त्या दवाखान्यात जेवलो.

यंदा गोमा परत आला, कुठला कलर लावतोस ते बघायला. मी बोललो, बस. तुझ्या छपरावरली ताडपत्री निळी. पाण्याचं पिंप निळं. रेशनचं रॉकेल निळं मिळायचं, तवा लायनीत पयला तूच. भजनाला बसतोस तिथला किसनदेव निळा, त्याला रोज हार घालतोस. वर आभाळ हाय, त्याला क्रीम कोण मारणार, तू? गोमा बोलला, देवाचं येगळं. मी बोललो, कसं येगळं ते सांग, मी बसलोय. तो अर्धा चहा टाकून गेला. राजेशच्या लोकांचा झेंडा निळा हाय. त्या झेंड्याखाली त्यांची माणसं शिकली, ताठ चालायला लागली. त्यात मला लाज वाटण्यासारखं काय हाय, ते मी दोन वर्षं शोधलं. सापडलं नाय.

दुसऱ्या दिवशी क्रीम खरवडला, चुना भिजवला, नि एक पुडी टाकतो तिथं सहा टाकल्या. तुझी आई बोलली, अवो, जरा बेतानं. मी बोललो, बेतानंच दोन वर्षं गेली. आता आपलं घर पळसदरी स्टेशनावरून ओळखता येतं. आरतीला चार डोकी आली, आधी चाळीस यायची. झांज मीच वाजवली, ताल चुकला. मोदक उरले, ते तीन दिवस खाल्ले. पोट बिघडलं, बाकी काय नाय.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. तुझी मैत्रीण सोनाली बाजारात भेटली, तुला सातवा लागला बोलली. पयलं बाळंतपण माहेरी होतं. तुझ्या आईचं झालं, तिच्या आईचं झालं, तुझंपण माहेरीच होणार. आईनं आतली खोली रिकामी केली, अळीव आणून ठेवलेत. येत्या गुरुवारी सकाळी रिक्षा घेऊन येतो. आणि एक गोष्ट गोमाच्या माथी मारू नकोस. लग्नाआधी राजेश विचारायला आला होता, त्याला मी अंगणातूनच घालवला, पाणीसुदीक न देता. गोमा तवा गावात नव्हता. ते माझं एकट्याचं. तू राजेशला काय समजावू नकोस. फक्त गुरुवारी घरी थांबायला सांग. जे बोलायचं ते मी त्याच्या दारात उभा राहून बोलेन. त्यानं पाणी विचारलं नाय तरी बोलेन.

तुझाच हेकट,
आबा