मुलीच्या अर्धा किलोमीटर पुढे

११ जून, बुधवार. बोन, हॉटेल.

उद्यापासून चार दिवस सायकल. मी आणि ओरियान, बाप-लेक. बोनपासून क्लुनीपर्यंत, बहुतेक सगळा द्राक्षमळ्यांतला रस्ता, मोटारींना बंदी. कल्पना तिचीच. पाच वर्षं बोर्दोला नांदल्यावर पोरीला बापाची आठवण झाली! आईला मुद्दाम बोलावलं नाही. बायको ओदिल म्हणाली, जा दोघं, मला कोण विचारतंय! मला आतून गुदगुल्या.

संकल्प: बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. जावयाबद्दल वाकडा शब्द नाही. लोइक बोर्दोचा, म्हणजे आमच्या वाईनच्या जुन्या वैऱ्यांतला आहे, हा काही त्याचा गुन्हा नाही. (आहे.)

संध्याकाळी ती आली. भाड्याची सायकल घेऊन. बॅटरीची! एकतीस वर्षांची धडधाकट मुलगी आणि बॅटरी! बोर्दो सपाट, तिथे मांड्या वापरायची वेळच येत नाही.

जेवताना विचारते, बाबा, मला पुढे बसवायचास ती छोटी सीट अजून गॅरेजमध्ये आहे का? मी म्हणालो, आहे, पण आता तू त्यात मावायची नाहीस. हसायला हवं होतं. हसली नाही.

१२ जून, गुरुवार. दुपार. मर्सो.

शरमेने मान खाली.

पोमार गावी मुस्यू त्रुशोंच्या वाईनच्या तळघरात गेलो. वीस वर्षांची ओळख. त्यांनी खास बाटली फोडली, मला ओतली, तिच्याकडे वळले, तर हिने ग्लासावर चक्क हात ठेवला! पोमारमध्ये! मालकाच्या डोळ्यांदेखत! त्यापेक्षा त्यांच्या मिशीला हात घातला असता तर परवडलं असतं. घराण्याची अब्रू राखायला तिच्या वाटणीची मी प्यायलो. त्रुशोंनी विचारलं, कुठे असते मुलगी? म्हणालो, बोर्दोला. त्रुशो म्हणाले, "अच्छा."

त्या "अच्छा"ने माझं रक्त गोठलं. म्हणजे गावाला कळलं. मुलगी फितूर झाली. तिकडची वाईन जिभेला लागली की आपल्याकडची गोड लागत नाही, असं माझे वडील म्हणायचे.

त्याच दिवशी, संध्याकाळ. सांतने.

दुपारी आणखी दोन तळघरं. पुन्हा हात, पुन्हा अब्रू, पुन्हा मीच प्यायलो. तिसऱ्यानंतर पुलिन्यीजवळ मळ्याच्या बुटक्या भिंतीवर आदळलो. रस्त्यावर एक मोटार नाही, त्यामुळे शिव्या घालायलाही कोणी नाही. समोरून वेलींची ओळ चाकांच्या मधोमध घेऊन, पाय फाकून चालणारा एक उंच ट्रॅक्टर आला, त्याच्यावरचा माणूस टोपी काढून हसला.

उद्यापासून तिच्या अर्धा किलोमीटर पुढे राहायचं. लोकांना कळायला नको की ही बॅटरी आमच्या घरातली.

रात्रीच्या जेवणात एपवास चीजलाही नको म्हणाली. म्हणे कच्च्या दुधाचं आहे. मग काय उकळून खायचं?

ओदिलला फोन करून सगळं गाऱ्हाणं घातलं: वाईन नको, चीज नको, जरा चढ आला की उतरते, सकाळी हॉटेलात ओकलीसुद्धा. ओदिलने विचारलं, सकाळीच ना? मग म्हणाली, तिला सांभाळून आण रे. आणि फोन ठेवला. बायकांना गांभीर्यच कळत नाही.

१३ जून, शुक्रवार. जिव्री.

सकाळी पुन्हा ओकली. मी दिजोंला तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढली. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मला आजार कळलेला असतो. निदान: तिकडच्या ओक लाकडाच्या पिपांतल्या जड वाईनने पोट बिघडलं. माझ्याकडच्या गोळ्या दिल्या. तिने डबी उलटून बारीक अक्षरं वाचली आणि परत ठेवली. माझ्या गोळ्या! माझ्यासमोर वाचून!

दुपारी कालव्याकाठी बाकावर बसलो. (मी आधी पोचलो होतो. वाट बघत एक डुलकी काढली.) ती म्हणाली, बाबा, मला तुला एक सांगायचंय. मी हात वर केला. म्हणालो, काही सांगू नकोस, मला सगळं कळलंय. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, खरंच? कधी? मी म्हणालो, पोमारलाच. बाप आहे मी तुझा. तिने गळ्यात मिठी मारली. म्हणाली, मला वाटलं तुझ्या लक्षातच येत नाहीये.

मोठ्या मनाने म्हणालो, दोष तुझा नाही, लोइकचा आहे. ती खदखदून हसली. म्हणाली, थोडा माझाही आहे. मी म्हणालो, घाबरू नकोस, इथल्या दोन पेट्या पाठवतो, रोज एक ग्लास घेत जा, वर्षभरात सुटेल ही बोर्दोची सवय.

हसणं थांबलं. मग उठली आणि सायकलवर चढली. खरं बोललं की लागतं. पण बापाशिवाय सांगणार कोण?

संध्याकाळी ओदिलचा फोन. लोकर आणलीय, पांढरी. जूनमध्ये लोकर! माझ्यासाठी मफलर दिसतोय. म्हणालो, पांढरी मळते, तपकिरी आण. म्हणाली, तू झोप.

१४ जून, शनिवार. ब्युक्सी.

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

मादाम बोनार्देल यांचं तळघर. बाई सत्तरीच्या, हातात बाटली, कमरेला फडकं. आत शिरता शिरताच मी माफी मागून टाकली. म्हणालो, मुलगी बोर्दोची झालीय, आपल्याकडची पीत नाही, तिचा ग्लास मलाच द्या. मादामनी ओरियानकडे एकदा पाहिलं. एकदाच. बाटली खाली ठेवली, खुर्ची ओढली, तिला बसवलं, आतून द्राक्षाचा रस आणला. मग विचारलं, कितवा महिना?

मी म्हणालो, जून.

कोणी हसलं नाही.

ओरियान म्हणाली, तिसरा संपतोय. तिचा आवाज अगदी बारीक. मादामनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, मुस्यू, अभिनंदन, आजोबा होताय. आणि कोपऱ्यात पिपांवर खडूने आकडे लिहिणारे त्यांचे यजमान, तेसुद्धा उठून माझ्याशी हस्तांदोलन करायला आले. माझ्या हातात दोन ग्लास. एक माझा, एक तिचा.

तीस वर्षं. गरोदरपण तपासायच्या पट्ट्या पहिल्या फडताळात, डावीकडे. पोरी लाजत यायच्या, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधी मी पट्टी काढून ठेवायचो. इतका हुशार मी.

बाहेर आल्यावर म्हणालो, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, बाबा, तीनदा सांगायला आले, तू दरवेळी पुढे निघून गेलास, नाहीतर हात वर केलास. लहानपणापासून माझं सगळं आईला आधी कळतं. ताप, परीक्षा, लोइक, सगळं. एकदा तरी तुला आधी कळावं म्हणून ही सहल काढली. शेवटी ठरवलं, उद्या फादर्स डेला सांगायचंच. आईला अजून माहीत नाही. ती सीट म्हणूनच विचारली.

जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. ती पिणार नाही म्हणून मी गावोगाव माफी मागत हिंडलो. तिच्याबद्दल. तिच्यासमोर.

एकच गोष्ट बरी. मादाम बोनार्देलना सोडलं, तर घरात पहिला मीच. ओदिलच्याही आधी. आयुष्यात पहिल्यांदा.

१५ जून, रविवार. क्लुनी.

आज पहिल्यांदा शेजारी शेजारी चालवली. जुन्या रेल्वेच्या जागेवरचा रस्ता, दोघांना भरपूर रुंद. आधीही होता. ती बोलली, मी ऐकलं. चढावर माझा गुडघा गेला, तेव्हा तिने सायकली बदलल्या. बॅटरी चांगली चालते.

दुपारी झाडाखाली बसून तिने ओदिलला फोन लावला, दोघांना ऐकू येईल असा. माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. म्हणाली, आई, एक बातमी आहे, बाबाला आधीच माहितीय.

ओदिल म्हणाली, अगं, मला गुरुवारीच कळलं. तुझ्या बाबानेच सांगितलं की. वाईन नको, चीज नको, सकाळी ओकते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या लोकर आणली.

ओरियानने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. गुडघ्यावर थोपटलं नुसतं, दुखऱ्या.

फोन ठेवताना ओदिलने मला विचारलं, अरे, मोजे किती मोठे विणू? तू औषधवाला, तुला अंदाज असेल.

म्हणालो, मला नाही कळत त्यातलं.