पिवळं आमचं, पांढरं समुद्राचं

३ मार्च, इंगोलश्टाट
बाबांची पेटी आली. पुण्याहून बंदरावर, मग बोटीने हॅम्बुर्ग, तिथून ट्रकने घरी. खोकं उघडलं. पट्ट्या फुगलेल्या, भाता कडक, खाली सगळीकडे पांढरी रेघ. सा दाबला तर नुसती धाप. बाबा जाऊन वर्षही नाही झालं...
नवरोबा निखिल म्हणाला, "विमा आहे ना?" आहे. मरीन कार्गो, ऑल रिस्क. पुढच्या आठवड्यापासून मी आमच्या लेकीला, चिऊला, शिकवणार होते.

९ मार्च
विमावाल्यांची मेल. क्लेम नामंजूर. कारण 'मालाचा अंगभूत दोष'. म्हणजे लाकूड आपल्या स्वभावानेच ओल धरतं, तो अपघात नव्हे. ऑल रिस्क म्हणे! यांच्या ऑलमधून काय काय वगळलंय ते बारीक अक्षरांत चार पानं. चाळीस वर्षं बाबांनी वाजवली, तेव्हा कुठे होता हा दोष? विडरश्प्रुख ठोकला, रीतसर हरकत. सर्वेअर पाठवा म्हटलं.

१७ मार्च
सर्वेअर बाई आल्या. बाटलीतल्या रसायनाचा एक थेंब रेघेवर टाकला, दुधासारखा पांढरा झाला. म्हणजे मीठ. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर तो अपघात, आणि तो पॉलिसीत बसतो. चिऊ नाचत विचारतेय, "आई, गेवोनेन?" जिंकलो गं, जिंकलो!

रात्रीची वाट न बघता संध्याकाळीच आईला फोन केला. मिठाचं सांगितलं. ती रडायलाच लागली. "अगं, खोक्यात धोतराचं गाठोडं आहे ना, त्यात लोणच्याची बरणी आहे. शेवटच्या क्षणी घातली. तुला आवडतं म्हणून. मीच घालवली ह्यांची पेटी."
मी ते गाठोडं पॅकिंग समजून तसंच ठेवलं होतं. विमावाल्यांना दिलेल्या लिस्टमध्ये बरणी नाही. आणि लोणच्यात मीठ!

१८ मार्च
निखिल : "गप्प बस ना, कोण विचारतंय?" पॉलिसीत पहिल्याच पानावर आहे, परम सद्भाव. त्यांनी आणि आपण, दोघांनीही काही लपवायचं नाही. बाबांच्या पेटीसाठी खोटं बोलू? छ्या! पण सोडणारही नाही.
गाठोडं सोडलं. झाकण थोडं पाझरलंय. धोतरावर तळहाताएवढा डाग, हळदीचा, तेलकट. पेटीला कुठेच पिवळं नाही. आणि पांढरी रेघ? ती तर खोक्याच्या बाहेरूनही आहे, चारही बाजूंनी, एकाच उंचीवर. आईची बरणी बाहेरून कशी पाझरेल, आँ?
सगळे फोटो काढले. लिहिलं : बरणी आमची, लिस्टमध्ये नव्हती, चूक कबूल. पिवळं आमचं. पांढरं समुद्राचं. पुन्हा येऊन बघा.

२६ मार्च
विमावाल्यांचं उत्तर अजून आलं नाही. आईला फोनवर पेटी ऐकवली. एकच पंचम धड लागतो, तोच धरून ठेवला. "तू नाही घालवलीस," म्हटलं. ती म्हणाली, "ते नाही म्हणाले तर?"
तर परत लिहीन. पेटी हॉलमधून हलणार नाही. चिऊला तोवर त्या एका सुरावर बसवलंय.
वरणभाताबरोबर लोणचं काढलं. फक्कड मुरलंय.