‘गंज’ बँडचा फरार गायक

२ ऑगस्ट १९८२, सोमवार. साओ पाउलो
रेकॉर्ड निघणार! चार वर्षांत आठ कार्यक्रम, तीन ड्रमवाले, आणि आता हे. चार पंक बँड मिळून एक तबकडी. आमच्या ‘गंज’ची तीन गाणी. स्टुडिओ शनिवारी १४ला, दहा ते बारा. वेळ पुन्हा मिळणार नाही. लष्करी राजवट आहे, आधी शब्दांवर सरकारी सेन्सॉरचा शिक्का लागतो. शब्द माझे, गाणारही मीच. कागद स्वतः नेऊन दिले. खाली पूर्ण नाव, घरचा पत्ता. मी भीत नाही.

३ ऑगस्ट
पत्ता द्यायला नको होता.

५ ऑगस्ट
सराव. गिटारवाला जुरांदिर म्हणाला, अदेमार, तुला कशाला पकडतील? बस उशिरा येते, एवढंच तर गाणं. मी सांगितलं, बस म्हणजे हुकूमशाही. ड्रमवाली नेउसा म्हणाली, मग उशिरा येतेय ते बरंच की. हसले दोघं. अटक त्यांना होणार नाही ना.

६ ऑगस्ट
भूमिगत झालो. शहराबाहेर ओझास्कूला, दिर्से मावशीकडे. पत्ता फक्त आईला ठाऊक. बजावलं, नखं उपटली तरी सांगू नकोस. म्हणाली, थंडीचे दिवस आहेत, स्वेटर घेऊन जा.
तुरुंगाची तयारी: रोज शंभर जोर. एकवेळ जेवण.

७ ऑगस्ट
जोर अकरा. मावशीने मक्याचा केक केला. चार तुकडे. एकवेळ जेवण सोमवारपासून.

१० ऑगस्ट
आईचा निरोप. शिक्का मारून कागद परत आले, नेउसा ये म्हणते. सरकारी कागद, आठ दिवसांत? सापळा. बिचारीकडून वदवून घेतलं असणार.

१३ ऑगस्ट
कोपऱ्यावर एक माणूस. तासभर उभा. पेपर वाचल्याचं सोंग. शेवटी बस आली, गेला.
उद्या सात वाजता कामगारांच्या गर्दीत मिसळून निघायचं. थेट स्टुडिओ. त्यांच्या तोंडावर गाणार. ठरलं.

१४ ऑगस्ट, सकाळी ९.१०
उशिरा उठलो. दारात राखाडी गाडी. मिशीवाला, काळा चष्मा. तीनदा हॉर्न. पलंगाखालून लिहितोय.
म्हणतोय, बाई, भाच्याला पाठवा, पोरं खोळंबलीत. पोरं म्हणजे शिपाई. मावशी म्हणाली, तो घरात नाही, आत्ताच पलंगाखालून सांगितलंय त्याने.
९.२५. मावशीने त्याला कॉफी दिली. शत्रूला! साखर विचारून.
९.३०. खोलीच्या दाराशी येऊन म्हणाला, बाळा, साडेनऊ झाले. असंच गोड बोलून बाहेर काढतात. श्वास रोखला.
९.४५. गेला. बँड वाचवला मी. त्यांना कधी कळणार नाही.

१६ ऑगस्ट, सोमवार
तो जुरांदिरचा काका होता. मला स्टुडिओत न्यायला आला होता. पत्ता आईने दिला. नेउसाने विचारला म्हणून.
तिन्ही गाणी नेउसाने गायली, ड्रम वाजवता वाजवता. जुरांदिर म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, पण आता असंच ठेवू. तू शब्द लिहीत जा हवं तर.
कागद दाखवले. तिन्हींवर ‘मंजूर’. बसच्या गाण्याखाली कुणा अधिकाऱ्याने हाताने लिहिलंय: आमच्याकडेही उशिराच येते.
थांब्यावर बसलोय. थंडी आहे. स्वेटर मावशीकडेच राहिला. चाळीस मिनिटं झाली, बस नाही.